शिंतोडे आणि बुडवे

माझी जीभ लांब आहे हे सासूबाईंनी लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं. मला ते कबूल करायला दहा वर्षं लागली. ती का लागली, तेच सांगायला बसले आहे.

मी नगरकडची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मुरबाडला आले. पहिल्या रविवारी उपासनेला गेले तेव्हा चटईवर शेजारी बसलेल्या बाईनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि गीत चालू असतानाच कानात विचारलं, "घाटावरची दिसतेस गो. इथल्या पावसात टिकशील का?" मी म्हटलं, "छप्पर टिकलं तर मीही टिकेन." ती इतक्या मोठ्यानं हसली की पाळकसाहेबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. वर्षभरानं मला माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर नोकरी मिळाली, तर त्या शाळेच्या पडवीत जी अंगणवाडी भरायची ती हिचीच. ही देवाची योजना आहे असं मी म्हणायचे. ती म्हणायची, "देवाला दुसरं काम नाय वाटतं." ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणू लागले. ती मला बाई म्हणायची, पण एकेरीत.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. मुरबाडची आणि शहापूरची मिळून वीस-बावीस घरं. शहापूरची माणसं किन्हवलीवरून येणारी एसटी धरून यायची आणि उपासना संपली की जेवणापुरती थांबून परतायची. पाळकसाहेब कल्याणहून महिन्यातून दोनदा येत. पिठाच्या गिरणीमागची एक खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. आमच्यात मास्तर होते, कंपाउंडर होते, पोस्टातले एक गृहस्थ होते आणि ताईच्या गावाकडची भातशेती करणारी पाच-सहा घरं होती. बुद्धी सांगायला आम्ही नोकरीवाले पुढे आणि काम निघालं की ते पुढे, अशी आमची वाटणी होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मंडळीत कुणी वारलं तर सगळं आपलं आपणच करायचं, ही रीत होती. खड्डा खणायला बाहेरचा माणूस मिळत नसे. पुरुष पहारी, फावडी घेऊन जात. मयत बाईमाणसाचं असेल तर आंघोळ घालणं, नेसवणं, केस विंचरणं हे बायकांनी करायचं. त्यात ताई तरबेज. तिनं मला हाताशी धरलं आणि दोन-तीन मयतांनंतर आमची जोडीच ठरून गेली. तिनं मला एक पिशवी करायला लावली. कापूस, पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या, नवा साबण, कंगवा, तेलाची छोटी बाटली, टाचण्या. तशीच पिशवी तिच्या घरी. दाराजवळच्या खुंटीला टांगायची, म्हणजे निरोप कानावर पडला की चपला घालून निघता येतं. "तेव्हा शोधाशोध करत बसलीस तर रडायलाच बसशील," ती म्हणायची. "हाताला काम असलं की माणूस शहाण्यासारखं वागतं."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्यात एक तरुण प्रचारक येऊ लागले. गिटार वाजवायचे, पांढरे बूट घालायचे आणि चिखलातून चालतानाही ते बूट पांढरे कसे राहतात हा आम्हा बायकांत संशोधनाचा विषय होता. त्यांचं म्हणणं असं, की तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं म्हणजे बाप्तिस्मा होत नाही. माणसानं समजून उमजून नदीत उतरायचं आणि पूर्ण पाण्याखाली जाऊन वर यायचं. पाळकसाहेबांचं म्हणणं, बाप्तिस्मा एकदाच होतो, पुन्हा पुन्हा करायला तो काय दाढी आहे. पंचमंडळाच्या सभा झाल्या. आधी चहाबरोबर झाल्या, मग चहाशिवाय. उन्हाळ्यात एका रविवारी तेरा माणसं काळू नदीत उतरली आणि त्यात ताई, तिचा नवरा आणि तिचे सत्तरीचे सासरेही होते.

मंडळी फुटली. ढोलकी ते घेऊन गेले, पेटी आमच्याकडे राहिली. झांजांच्या जोडीतली एक इकडे आणि एक तिकडे गेली, म्हणजे वाजवायची सोय दोघांचीही नाही. त्यांनी शहापूरच्या रस्त्याला पत्र्याची शेड घातली. गिरणीमागच्या खोलीत आम्ही सात घरं उरलो.

आमची बाजू चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. पण आपण बरोबर आहोत याची एक नशा असते आणि ती मला चांगलीच चढली होती. महिला मंडळाच्या एका बैठकीत कुणीतरी सांगितलं, की ते लोक आपल्याला 'शिंतोडे' म्हणतात. कपाळावर शिंतोडा घेतलेले, म्हणून शिंतोडे. मी म्हटलं, "म्हणू देत की. आपण शिंतोडे, तर ते बुडवे." बायका इतक्या हसल्या की एकीच्या नाकातून चहा आला. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. आठ दिवसांत तो शब्द एसटीत बसून शहापूरला पोचला, पंधरा दिवसांत अख्ख्या तालुक्यात झाला. शाळेत शिकवून शिकवून माझ्या जिभेला धार आली होती आणि त्या धारेचा मला फार अभिमान होता.

एके दिवशी शाळा सुटल्यावर ताई पडवीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात खिचडीचा झारा होता.

"बाई, ते बुडवे तू म्हटलंस?"

"गंमत केली गं."

"तुला गंमत. माझे सासरे ख्रिस्ती झाले तेव्हा भावकी त्यांना धर्मबुडवा म्हणायची. तीस वर्सं म्हणत व्हती. कुणी घरात पाणी पीत नव्हतं. ते त्यांनी सोसलं, कारण मंडळी आपली हाय, तिथं कोण आपल्याला तसं बोलत नाय. आता मंडळीच बोलली."

हे मला माहीत होतं. म्हाताऱ्यांनी स्वतःच त्यांच्या ओट्यावर बसून मला ते सगळं सांगितलं होतं, मी डोळे पुसत ऐकलं होतं, आणि तरीही हसू मिळतंय म्हटल्यावर तो शब्द माझ्या तोंडातून निघून गेला. तेव्हाच तिचे हात धरून चुकले म्हणाले असते तर संपलं असतं. पण मी म्हणाले, "आधी शिंतोडे कोण म्हणालं?" ताई झारा घेऊन परत गेली. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं. किल्ली कुठाय, पाणी आलं का, मुलं उन्हात आहेत. एका पडवीत बसून असं बोलायचं म्हणजे शिक्षाच होती, पण आम्ही दोघीही हट्टाच्या पक्क्या.

मी माझी पिशवी खुंटीवरून काढून माळ्यावर टाकली. सासूबाई थकल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर ती नको, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. जिथं जोडीनं जायचं तिथं मला एकटीला जायचं नव्हतं.

वर्षभरानं, थंडीत, एका सकाळी अंगणवाडीला कुलूप दिसलं. ताईचे सासरे पहाटे गेले होते. आमचे हेडमास्तर त्याच गावचे, शेतकरी घरातले, हिंदू. ते माझ्या वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, तुमी जाऊन या. वर्ग मी बघतो."

मी म्हटलं, "मला निरोप नाही आला, सर."

ते हळूच म्हणाले, "मयताला कुठं आवतण असतं, बाई?"

मी खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि बाराचा पाढा लिहू लागले. माझ्या वर्गाच्या खिडकीतून गावची पाणंद दिसायची. दुपारी त्या पाणंदीनं लाकडी पेटी खांद्यावर घेतलेली माणसं गेली. पुढे पांढऱ्या बुटांचे प्रचारक, मागे ताईचा नवरा, आणि त्यांच्यामागून म्हाताऱ्यांची अख्खी भावकी. ज्यांनी तीस वर्षं घरात पाणी घेतलं नव्हतं ते चुलतभाऊसुद्धा डोक्याला टॉवेल गुंडाळून चालले होते. धर्मबुडवा म्हणणारे आले होते. बुडवे म्हणणारी मी खिडकीत उभी होते. मुलं बाराचा पाढा म्हणत होती, बारा सक चौऱ्याहत्तर म्हणत होती, आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

पाच दिवसांनी ताईनं कुलूप उघडलं. तिनं मला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सासूबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. आषाढातली सकाळ होती. चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. आयुष्यभर कुणाला त्रास दिला नाही आणि जातानाही दिला नाही. पण एक गोष्ट त्या वर्षभर सांगत होत्या, चेष्टेत सांगत होत्या आणि गंभीरपणेही. आमची दफनभूमी गावाबाहेर ओढ्याकडे उतरत्या जमिनीवर आहे आणि पावसाळ्यात तिथं खणलं की पाणी लागतं. त्यांच्या दिरांना पावसाळ्यात ठेवलं तेव्हा पेटी खाली टेकायच्या आधी तरंगली होती, ते त्यांनी पाहिलं होतं. "मला तेवढं पाण्यात ठेवू नका गं," त्या म्हणायच्या. "तान्हेपणी कपाळाला लागलं तेवढं पाणी मला पुष्कळ आहे." मी त्यांना शब्द दिला होता. पाऊस काय माझ्या हातात आहे, हा विचार न करता दिला होता.

आणि चार दिवस पाऊस थांबला नव्हता. उंबरमाळीला रुळांवर दरड आली होती, किन्हवलीच्या वाटेवरचा पूल पाण्याखाली होता, कल्याणचा रस्ता बंद होता. पाळकसाहेबांचा फोन आला, "बाई, मी इथंच अडकलोय. उद्या नाहीतर परवा." तालुक्याला बर्फसुद्धा मिळाला नाही. थांबणं शक्य नव्हतं. आमची शहापूरची दोन्ही घरं तिकडेच अडकलेली. मुरबाडात आमच्या बाजूचे पुरुष उरले तीन. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, साखर वाढलेले कंपाउंडर आणि दम्याचे आमचे हे. तिघं पहारी घेऊन गेले. तासाभरात कंपाउंडर परत आले, दारातच खाली बसले आणि म्हणाले, "बाई, गुडघाभर खणलं. मुरूम लागला आणि मुरमातून पाणी उसळतंय. आम्ही जेवढं उपसतो तेवढंच येतंय."

आमच्या यांनी सकाळीच विचारलं होतं, "ताईंना कळवायचं का?" मी म्हटलं होतं, "कुठल्या तोंडानं?" आता मी आत गेले आणि सासूबाईंजवळ बसले. त्यांचे हात गार व्हायला लागले होते. पाणी तापवायला हवं होतं, पिशवी काढायला हवी होती, पातळ शोधायला हवं होतं. मला उठवेना. शेजारच्या बायका आल्या होत्या, हळहळत होत्या, पण आमच्यातलं काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचा त्यांना संकोच वाटत होता.

दहाच्या सुमाराला दारात जीप थांबली. आधी उतरली ती ताई. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले, साडीचा काचा तसाच, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, आणि खांद्याला तिची पिशवी. तिच्यामागून आठ पुरुष उतरले. बहुतेकांचे पायही तसेच. ते दिवस आवणीचे, म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावण्याचे. त्या दिवसांत शेतकरी घरच्या लग्नालाही जात नाही, कारण एक दिवस चुकला तर रोप म्हातारं होतं. दूधवाल्यानं रस्त्यात सांगितलं आणि ते बांधावरून सरळ जीपमध्ये चढले होते. पाय धुवायलासुद्धा थांबले नव्हते.

पुरुषांनी आमच्या यांना एवढंच विचारलं, "जागा तीच ना, ओढ्यावरची?" आणि पहारी घेऊन निघाले. त्यांच्यात ते तरुण प्रचारकही होते, वाटेत बूट घालूनच जीपमध्ये चढलेले.

ताई आत आली. बंब पेटवायला लावला. मला म्हणाली, "पातळ कुठलं?" मी कपड्यांच्या पेटीकडे बोट केलं. ती आधी सासूबाईंपाशी बसली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, आणि मग पदर खोचला. मी माळ्यावर चढून माझी पिशवी काढली. तिच्यातल्या कापसाला उंदरांनी घर केलं होतं. ताईनं ते पाहिलं आणि तिच्या पिशवीतला कापूस काढला.

आम्ही दोघींनी आंघोळ घातली. तीन वर्षांत एकमेकींशी धड बोललो नव्हतो, पण हात विसरले नव्हते. ती तांब्या ओतायची, मी पुसायचे. मी डोकं धरायचे, ती विंचरायची. केसांना तेल लावताना मला राहवलं नाही. मी म्हणाले, "ताई, बाबांच्या वेळी मी आले नाही. खिडकीतून पाहत होते. मी तुझे पाय धरते."

ती म्हणाली, "माझे नको गो, म्हातारीचे धर. कूस वळवायचीये."

मी सासूबाईंचे पाय धरले. आम्ही त्यांना वळवलं आणि पाठ पुसली. मी रडत होते आणि हसतही होते, आणि ताईच्या नाकावरून पाणी गळत होतं, ते घामाचं होतं का डोळ्यांचं ते मी विचारलं नाही. शेजारच्या बायकांना वाटलं असेल, या ख्रिश्चन बायकांची रीतच अशी असेल.

दुपारी पेटी घेऊन दफनभूमीत पोचलो तेव्हा काम चाललेलंच होतं. आमच्या तिघांनी जिथं खणलं होतं ती जागा त्या लोकांनी सोडून दिली होती. दहा हात वर, जरा उंचावर नवा खड्डा घेतला होता, आणि त्या खड्ड्याच्या तळापासून उताराच्या दिशेनं ओढ्यापर्यंत एक अरुंद, खोल चर खणत नेला होता. खाचरातलं जादा पाणी बांध फोडून काढतात तसंच. खड्ड्यातलं पाणी त्या चरातून आपणहून खाली चाललं होतं. आमचे पोस्टातले गृहस्थ आ वासून पाहत होते. ताईचा नवरा त्यांना समजावत होता, "पाणी उपसून संपत नाय, साहेब. त्याला वाट द्यायला लागते."

आत, खड्ड्यात, प्रचारक उभे होते. उरलेला गाळ घमेल्यानं वर देत होते. त्यांचे पांढरे बूट वर कडेला काढून ठेवलेले होते आणि त्यांत पावसाचं पाणी भरलं होतं. मला त्या माणसाचा किती राग होता, आणि मी तो किती कष्टानं तीन वर्षं सांभाळला होता. तो राग शोधू गेले तर सापडेना.

खड्ड्याच्या तळाशी त्यांनी दगड मांडले, दगडांवर बांबू, बांबूंवर कोरडा पेंढा. एवढ्या पावसात कोरडा पेंढा कुठून आणला म्हणून विचारलं, तर कुणीतरी आपल्या गोठ्याच्या माळ्यावरून काढून जीपच्या टपावर प्लास्टिकखाली बांधून आणला होता. निघतानाच आणला होता. तिथं पाणी लागतं हे त्यांना माहीत होतं, कारण इतकी वर्षं आमच्या सगळ्यांचे खड्डे त्यांनीच तर खणले होते.

एक जण वर चढता चढता म्हणाला, "आजी आमाला बुडवे म्हणायची. पण आजीला आमी बुडू नाय देणार." सगळे हसले. मोकळेपणानं हसले, पण मला ते सहन झालं नाही. सासूबाईंनी तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. मी पेटीशेजारी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तो शब्द त्यांचा नाही. माझा आहे. मी काढला."

तो म्हणाला, "ठाव हाय बाई. सगळ्या तालुक्याला ठाव हाय." आणि त्यानं पहार पुसून ठेवली.

मग प्रश्न आला, विधी कोण करणार. प्रचारक चिखलानं माखलेले, हात धुऊन बाजूला उभे होते, पुढे येत नव्हते. सासूबाई त्यांच्याबद्दल काय काय बोलायच्या ते आमच्या यांनाही माहीत होतं आणि मलाही. आमचे हे छातीतला घरघराट दाबत पुढे गेले आणि त्यांना म्हणाले, "तुम्हीच करा."

प्रचारकांनी विचारलं, "आजींना कसं आवडलं असतं?"

यांनी आमच्या जुन्या विधीचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं वाचलं. जुन्या वळणाचे लांबलांब शब्द, दोनदा अडखळले, पण स्वतःचा एक शब्द त्यात घातला नाही. त्यांना वेगळं काय वाटत होतं ते आम्हाला माहीत होतं, म्हणून त्या वाचण्याची किंमत मला कळली. पेटी खाली गेली आणि पेंढ्यावर टेकली. टेकल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. आत पाणी नव्हतं.

त्या दिवसाबद्दल मी देवाचे उपकार मानते, आणि त्या आठ माणसांचे, त्या दूधवाल्याचे, त्या पेंढ्याचेही. मतं तशीच राहिली. मंडळ्याही एक झाल्या नाहीत, आजही दोनच आहेत. पाळकसाहेब पुढच्या आठवड्यात आले तेव्हा जुनाच विधी वाचला गेला हे ऐकून त्या प्रचारकांना पत्र लिहायला बसले. त्या पत्रात काय होतं मला माहीत नाही. मी मात्र एवढं शिकले, की मंडळीतला वाद मिटेपर्यंत कुणाचं मरण थांबत नाही, आणि मयताला ज्याला जायचंय त्यानं वाद मिटायची वाट पाहू नये.

चौथ्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि आमच्या बाजूच्या तीन बायकांना घेऊन ताईच्या खाचरावर गेले. आमच्यापायी त्यांची एक दिवसाची आवणी राहिली होती. कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही चौघी घाटावरच्या, बाजरी-ज्वारीच्या मुलखातल्या, भात लावणं कशाशी खातात ते ठाऊक नाही. माझी रोपं लावता लावता वर तरंगायची. ताई मागून येऊन ती पुन्हा खोवायची. ती म्हणाली, "बाई, तू बांधावर बसून पाढे म्हण. तेवढीच मदत होईल." मी ऐकलं नाही. दुपारपर्यंत पाठ मोडली आणि माझ्या वाट्याचा एक तुकडा पुरा झाला. वेडावाकडा, पण पुरा.

भाकरी खायला बांध चढून वर गेलो. खाचराच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली, दगडांनी कड केलेली एक जागा होती. ताईनं हातानं दाखवलं नाही, नुसती तिकडे तोंड करून बसली. तिचे सासरे तिथं होते. आपल्याच जमिनीत ठेवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे. मी ते दोन वर्षांनी पहिल्यांदा पाहत होते.

मी उठून जवळ गेले. चिखलाचे हात साडीला पुसले. मनात पुष्कळ होतं, पण आमच्यात माणूस भेटला की जे म्हणतात तेवढंच तोंडातून निघालं. "सलाम, बाबा."

ताई बसल्या जागेवरून म्हणाली, "मोठ्यानं बोल गो. त्यांना कमी ऐकू यायचं."

मी मोठ्यानं म्हटलं. खालच्या खाचरात वाकलेल्या बायकांनी माना वर करून पाहिलं.